फोटोतला नग्न पुरुष: कला की देखावा?

अंधारखोली: कालच्या पोस्टमध्ये एकांनी ठणकावून सांगितलं, "चित्रातला नग्न पुरुष म्हणजे कला, फोटोतला म्हणजे नुसता देखावा." मला राहवेना. अमेरिकन फोटोग्राफर मॅपलथॉर्पचा १९८१ चा 'अजिट्टो' हा फोटो पाहिलाय का? चौथऱ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस, मान खाली. त्याच्या पाठीवरचा प्रकाश बघा, मग बोला.

साधासरळ: ती पोस्ट माझीच. आणि पाहिलाय. पेन्सिलीत माणूस विरघळतो, फोटोत तो तोच राहतो; उद्या गल्लीत लोक ओळखतील त्याला. शिवाय मॅपलथॉर्पने काळ्या पुरुषांना फुलदाणीसारखं मांडलं, ही तक्रार जुनीच आहे.

कोळसाकाडी: आमच्या लाइफ क्लासला, म्हणजे मॉडेल समोर बसवून चित्र काढायच्या वर्गाला, बाई मॉडेल पूर्ण विवस्त्र बसायची, पुरुष मात्र लंगोटात. जांघेचा सांधा शेवटपर्यंत कुणाला काढता आला नाही. अमेरिकन चित्रकार ईकिन्सने वर्गात मुलींसमोर पुरुष मॉडेलचा लंगोट उतरवला, तर १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची अकादमी सोडावी लागली त्याला. त्यानेच 'स्विमिंग' या चित्रासाठी विद्यार्थ्यांचे तळ्यावर नग्न फोटो काढले होते. मग कला नेमकी कुठे सुरू झाली, साधासरळ?

शिलालेखवेडी: श्रवणबेळगोळला जा. ५७ फुटी गोमटेश्वर, आणि पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. मराठीतलं पहिलं कोरीव वाक्य नग्न पुरुषाच्या पायाशी आहे!

अलिबागकर: पहिलं नाही! अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२.

शिलालेखवेडी: शाळेत आम्हाला गोमटेश्वराच्या लेखाचं साल इ.स. ९८३ शिकवलंय.

अलिबागकर: शाळेत काहीही शिकवतात. गोमटेश्वराच्या लेखावर साल कोरलेलं नाही, म्हणून तर वाद. अक्षीचा दगड मी स्वतः हात लावून पाहिलाय, ऊन-पाऊस खात पडला होता. त्याची कुणाला लाज नाही, आणि इथे लंगोटावर भांडताय!

सांगलीची लेक: गोमटेश्वराला यात ओढू नका, चीड येते. १९८१ च्या महामस्तकाभिषेकाला आजोबांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. दुधाची धार उतरत होती आणि कुणाचीही नजर झुकली नाही. ती मूर्ती सगळं सोडून उभी आहे, कुणासाठी पोझ देत नाही.

अंधारखोली: नजर झुकली नाही, एवढंच म्हणतोय मी!

साधासरळ: लंगोटाचं मान्य, तो भेद चूकच. फोटोचं नाही. मॉडेलला कुणी विचारलं?

कोळसाकाडी: मी विचारलं होतं. दुपारी चहा पिताना. म्हणाले, "बाकी काय हवं ते काढा, ताई. फक्त चेहरा माझा नको."