सुईचं नाक की सुईचं नेढं?

सुईदोरा:
एका प्रवचनाच्या व्हिडिओला मराठी सबटायटल करतेय. बायबलातलं मत्तय १९:२४, श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईतून जाणं सोपं, ते वचन. मी सरळ "सुईच्या नेढ्यातून" लिहिलं, कारण आमच्या घरी आजीपासून सगळे नेढंच म्हणतात, "नेढं दिसत नाय गं, ओवून दे" ऐकतच मोठी झाले. ज्यांचं काम आहे ते काका म्हणाले आपल्या बायबलात नाक आहे, नाकच ठेवा. ठेवलंही असतं पण त्याआधी भाच्याला दाखवलेलं, तो दर रविवारी कुठल्यातरी गडावर असतो, तो म्हणे नेढ्यातून उंट? आरामात जाईल की मावशी, जरा वाकला की झालं. त्याच्या डोक्यात राजगडाचं नेढं, सुवेळा माचीवरचं ते कातळातलं आरपार भोक! आता नाक लिहू तर लोकांना चेहऱ्यावरचं दिसणार आणि नेढं लिहू तर सुवेळा माची. काय करू?

नगरचा_नाना:
नाकच. आमच्याकडं सुईला नाकच असतं, नेढं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो रतनगडावर, तोही कॉलेजात असताना. आणि वचन लहानपणापासून पाठ आहे हो ताई, पाठ झालेल्या वचनातला एक शब्द हलवला तर आमची म्हातारी माणसं म्हणतात हे बायबल नव्हे.

शब्दकिडा:
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून बघा, नेढें म्हणजे सुईचं भोक, सरळ दिलंय. डोंगराला ते नाव सुईवरून पडलं, भाच्याला सांगा. नाक हे माझ्या मते हिंदीतून घुसलेलं, तिकडे "सुई का नाका" म्हणतात, आपण शेवटचा काना खाल्ला.

नगरचा_नाना:
माझ्या आजीला हिंदीचा ह येत नव्हता, ती कुठनं खाणार काना? सुईच्या नाकात दोरा तीच ओवायची. ज्यानं त्यानं आपल्या घरातला शब्द शुद्ध ठरवायचा आणि दुसऱ्याचा घुसखोर, हे बरंय.

वाटसरू७:
थांबा थांबा, नाका म्हटल्यावर क्लिक झालं!! येरुशलेममध्ये सुईचं नाक नावाचं छोटं दार होतं ना, रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाचं ओझं उतरवून त्याला गुडघ्यांवर रांगत आत घ्यायचे. म्हणजे नाकाच की, टोलनाक्यासारखा. तीन वेगवेगळ्या प्रवचनांत ऐकलंय. म्हणजे अर्थ असा की श्रीमंतानं ओझं उतरवून नम्र व्हावं.

पोथीवाला:
तीनशे प्रवचनांत ऐकलं तरी ते दार काही उभं राहत नाही. येशूच्या काळात त्या नावाची वेस होती याला ना उत्खननाचा पुरावा ना त्या वेळच्या कुणाच्या लिखाणाचा, गोष्ट मध्ययुगातली आहे. आणि शब्दचर्चेत आहोत तर शब्दच बघा की. मूळ ग्रीकमध्ये मत्तय, मार्क आणि लूक ह्या तिन्ही शुभवर्तमानकारांनी भोकासाठी तीन वेगळे शब्द घातलेत, आणि लूकनं तर सुईचाही शब्द बदललाय. वेशीचं नाव असं दर लेखकागणिक बदलतं का? पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला कुणी हस्तिनापूर दरवाजा लिहितं का? ते साधं भोकच होतं, म्हणून ज्याला जो शब्द सुचला तो त्यानं लिहिला, तुम्ही इथे नाक-नेढं करताय तसंच.

वाटसरू७:
बरं दार नसेल, मग उंट तरी नसेल. दोरखंड होता असंही वाचलंय.

पोथीवाला:
ग्रीकमध्ये कामेलोस म्हणजे उंट, कामिलोस म्हणजे जाड दोर, पुढे उच्चार एक झाले. मोजक्या उशिराच्या हस्तलिखितांत दोर आहे, पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या बिशप सिरिललाही दोरच पटलेला. पण सगळ्यांची धडपड एकच, उंट लहान करा नाहीतर भोक मोठं करा. अहो ते अशक्यच असायला हवं! ज्यूंच्या धर्मग्रंथात, बाबिलोनच्या तालमूदमध्ये, पुम्बदिथा गावच्या पंडितांची टिंगल आहे, हे लोक सुईतून हत्ती काढतात म्हणून. कुराणातही ७:४० ला उंट आणि सुईच आहे. तिकडे कुणी वेस शोधत बसत नाही. आणि पुढची ओळ वाचा, मत्तय १९:२५, शिष्य थक्क होऊन विचारतात मग तारण कोणाचं होणार? नुसतं ओझं उतरवून वाकायचं असतं तर थक्क व्हायला काय झालं होतं त्यांना. येशू म्हणतो माणसांना हे अशक्य, देवाला सगळं शक्य. २४ वं वचन एकटं उचललं की हे सगळं गळतं.

बँकेतला_बाळ:
विषयांतर करतो, पण "तारण कोणाचं होणार" वाचून हसू आलं. आमच्या शाखेत तारण म्हणजे सोनं. चर्चमध्ये नवीन होतो तेव्हा पाळकसाहेब "तुमचं तारण झालंय का" विचारायचे आणि मला वाटायचं काही कर्ज बाकी आहे काय. एवढा गोंधळ आहे तर "मुक्ती" का लिहीत नाहीत?

शब्दकिडा:
मुक्ती म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आला. तारण तृ धातूवरून, पार नेणं. बँकेनं तो शब्द पळवला, चर्चनं नाही.

नगरचा_नाना:
पळवला कशाला म्हणायचं, कर्ज बुडू नये म्हणून जे ठेवतात ते तारण, तेही तारतंच की. आणि सांगू का, लूकमध्ये उंटाचं वचन अठराव्या अध्यायात आहे आणि लगेच एकोणिसाव्यात जक्कय येतो, यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत, आणि येशू म्हणतो आज ह्या घराचं तारण झालं. गेला की नाही उंट सुईतून! आमचे पाळक ही दोन्ही वचनं कधी एका रविवारी घेत नाहीत.

वाटसरू७:
जकातदार म्हणजे नाक्यावरचाच माणूस ना, मी म्हटलं होतं नाका 😄

पोथीवाला:
😑

सुईदोरा:
अहो उद्या फाईल द्यायचीय मला. नाक की नेढं?

शब्दकिडा:
नेढं. भाचा एक दिवस शिवायला बसला की कळेल.

नगरचा_नाना:
नाक. उंटाच्या बाजूला लिहिलंय तर कोण चेहऱ्यावरचं समजणार.

बँकेतला_बाळ:
"भोक" का नको पण?

शब्दकिडा:
व्यासपीठावरून भोक?? नको हो.

मिरजकर_मावशी:
उशिरा आले. आमच्याकडे सुईला नाक आणि पोती शिवायच्या दाभणाला नेढं म्हणतात. आकारावर आहे असं मला आपलं वाटायचं. कुणाकडे उलटं आहे का?