आंधळी बहीण, पॅरिस आणि गिलोटीन: 'ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म' कुणी पाहिलाय का?

जागरणवाली:
काल झोप येत नव्हती म्हणून यूट्यूबवर अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथचा हा 1921 चा मूकपट लावला, म्हटलं दहा मिनिटं बघू आणि झोपू, तर अडीच तास गेले आणि मी नाक पुसत बसलेली. लुईझ म्हणजे नोत्र दामच्या पायऱ्यांवर टाकून दिलेलं बाळ. हेन्रिएट ही तिची मानलेली बहीण. हेन्रिएटचा गरीब बाप खरं तर स्वतःचीच पोर तिथे ठेवायला गेलेला असतो, पण हे कुडकुडणारं बाळ बघून त्याला राहवत नाही आणि तो दोघींना घेऊन घरी येतो. मग साथीत आईबाप जातात, लुईझचे डोळे जातात, इलाजासाठी दोघी पॅरिसला येतात आणि पाय ठेवल्या ठेवल्या ताटातूट. एकीला सरदाराची माणसं उचलतात, दुसरी भीक मागायला लावणाऱ्या म्हातारीच्या तावडीत.
प्रश्न हा की शेवटी फ्रेंच क्रांतीचा पुढारी दांतों घोडा फेकत येऊन हेन्रिएटला गिलोटीनवरून, म्हणजे मान उडवायच्या यंत्रावरून, वाचवतो, असं काही खरंच झालं होतं का? आणि अशा पिक्चरला मला एकटीलाच रडू येतं का, नवरा हसत होता.

बखरीतलं_पान:
नाही हो, अजिबात नाही. मूळ 1874 चं फ्रेंच नाटक आहे, त्यात क्रांती नाहीच. ती ग्रिफिथने घुसवली, कारण त्याला शेवटच्या क्षणी धावत येऊन वाचवण्याचा सीन हवाच असतो. गंमत म्हणजे ज्या क्रांतिकारी न्यायालयाकडून दांतों माफी मिळवतो ते 1793 मध्ये उभं करण्यात त्याचाच हात होता, आणि 5 एप्रिल 1794 ला त्याचंही डोकं त्याच न्यायालयाने उडवलं. तेव्हा कोणी घोड्यावर आलं नाही. क्रांतीतला त्याचा विरोधक रोबेस्पिअर, त्याचा नंबर जुलैत लागला.

चहा_बिनसाखरेचा:
मला तर बोअर झालं, सॉरी. सुरुवातीलाच पाट्या टाकून रशियातल्या बोल्शेविक क्रांतिकारकांपासून सावध राहा म्हणून अमेरिकेला उपदेश, अरे बाबा गोष्ट सांग ना! शिवाय योगायोग किती, हेन्रिएटच्याच खोलीत नेमकी लुईझची आई.

मावशी_पुणेकर:
बिनसाखरेचे, अहो तोच तर सीन! हेन्रिएट खोलीत काउंटेसशी बोलतेय, खाली रस्त्यावर लुईझ भीक मागत गातेय, आणि लुईझची सख्खी आई ही काउंटेसच. आता बघा, मूकपट आहे, गाणं आपल्याला ऐकू येतच नाही, तरी हेन्रिएट झालेल्या लिलियन गिशच्या चेहऱ्यावर ते हळूहळू ऐकू यायला लागतं, आधी नुसती बोलता बोलता थबकते, मग डोळे मोठे होतात, मग गॅलरीत धावते, आणि खाली ती आंधळी पोर हाक कुठून आली म्हणून भलतीकडेच मान वळवतेय. तेवढ्यात शिपाई हेन्रिएटला पकडायला आत येतात. इथे योगायोग मोजत बसलात तर कठीण आहे तुमचं. दोघी नट्या खऱ्या आयुष्यात सख्ख्या बहिणी, लिलियन आणि लुईझ झालेली धाकटी डॉरथी.
जागरणवाली, मी चार वेळा पाहिलाय, चारही वेळा रडलेय. नवऱ्याला तो सीन परत लावून दाखव.

रीळ_नं_सात:
थोडं अवांतर. ती भिकारीण म्हातारी म्हणजे ल्युसिल ला व्हर्न. डिस्नेच्या 1937 च्या 'स्नो व्हाइट'मधल्या राणीचा आणि चेटकिणीचा आवाज हिचाच, आता कळलं ना ती एवढी भीतीदायक का वाटते? आणि ते पॅरिस न्यूयॉर्कजवळ ममॅरोनेकला सेट बांधून उभं केलेलं.

जागरणवाली:
अय्या चेटकीण!! थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याचं सोडा, आज दुपारी सासूबाईंना दाखवते, पाट्या मी मराठीत वाचून दाखवीन. बोल्शेविकवाल्या गाळते.