मदत हवी आहे: विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान ऑनलाइन कुठून शिकावं?

नमस्कार. मी इंदूरला असतो. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालंय, तत्त्वज्ञान कधी शिकलो नाही. स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश उघडला. कार्ल पॉपर या विज्ञानाच्या तत्त्वज्ञावरची नोंद कशीबशी समजली, त्याच क्षेत्रातल्या थॉमस कूनवरच्या नोंदीपाशी अडलो. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या विज्ञान-इतिहासाच्या नियतकालिकाचे जुने अंकही चाळले. फार मोलाचे आहेत, पण नवख्याला झेपत नाहीत. मला एकच उदाहरण धरून पुढे जाणारं काही हवंय: फ्लॉजिस्टन (जळताना पदार्थातून बाहेर पडतं असं पूर्वी मानलेलं द्रव्य) मागे पडून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएचा ऑक्सिजनचा सिद्धान्त कसा स्वीकारला गेला, आणि सिद्धान्त बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं. इंग्रजी-हिंदी चालेल, मराठीत मिळालं तर आनंदच. मोफत हवं, प्रमाणपत्र नको. रात्री तासभर मोबाइलवरच बघणार. अशी एखादी व्याख्यानमाला कुणी शेवटपर्यंत पाहिली आहे का, आणि सोबत मूळ लेखन कोणत्या क्रमाने वाचलंत?