मुख्याध्यापकांचा दिवस आणि त्यांची तब्येत : तुमचे अनुभव

पाऊलवाट :
कपाट आवरताना माझ्या मुख्याध्यापकपदाच्या काळातली डायरी हाती लागली. ठरवलेल्या वर्गभेटी खोडून पुढे ढकललेल्या होत्या आणि त्यांच्या जागी चिडलेले पालक, फुटलेला नळ, गैरहजर शिक्षकांचे तास अशा नोंदी होत्या. त्याच वर्षांत माझा रक्तदाब वाढला. तास जास्त होते हे खरेच, पण त्यांचे तुकडे होत राहिल्यामुळे मी अधिक थकले, असे मला ठामपणे वाटते. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच उच्चाधिकाऱ्यांच्या दिवसाचे निरीक्षण होते. त्यांत शालेय व्यवस्थेचे एक प्रमुखही होते, आणि या पाच जणांची निम्मी कामे ९ मिनिटांच्या आत उरकत असत. तुमचा अनुभव काय आहे?

उंबरा :
माझे यजमान मुख्याध्यापक आहेत. जेवताना फोन वाजला की त्यांचा घास हातातच राहतो. सुट्टी लागली की पहिल्याच आठवड्यात ते हमखास आजारी पडतात.

नाडी :
मी डॉक्टर आहे. उठायला फुरसत मिळत नाही म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या आणि लघवी रोखून धरणाऱ्या मुख्याध्यापिका मूत्रमार्गाच्या संसर्गाची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या विश्लेषणानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो. तेव्हा आपले तास मोजताना घरी नेलेल्या फायलीही त्यात धरा.

दुसरी घंटा :
पाऊलवाटताई, तुकड्यांबद्दल तुम्ही लिहिलेले अगदी पटले. आमच्या मुख्याध्यापिकांनी पहिल्या दोन तासिकांत भेटी बंद केल्या. तातडीचे काही असेल तर पर्यवेक्षिका म्हणून मी पाहते, आणि सह्यांचे कागद लिपिक मधल्या सुट्टीनंतर एकदमच नेतात. सुरुवातीला पालक नाराज झाले. आता बाई वर्गांवर जातात, डबा वेळेवर खातात आणि झोप लागते असेही सांगतात.

एकखांबी :
तुमच्याकडे पर्यवेक्षिका आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझ्या लहान शाळेत मीच शिकवतो, मीच फोन घेतो आणि कागदपत्रेही मीच भरतो. त्या दोन तासिकांपुरते दार मी कोणावर सोपवू, हे कोणी सुचवू शकेल का?