मदत हवी आहे : उघड्यावर माणूस समोर बसवून तैलरंगात काम करताना उजेड निसटतोय

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं तैलरंगात काम करतेय. खोलीत खिडकीजवळ माणूस बसवून पोर्ट्रेट करायचा सराव आहे, आणि बाहेर जाऊन ऑन द स्पॉट निसर्गचित्रंही करते. दोन्ही वेगवेगळं बऱ्यापैकी जमतं. आता झाडाच्या कडेला, खऱ्या उन्हात माणूस बसवून चित्र करायला घेतलंय आणि तिथे पार अडकलेय.

शेजारच्या आजी माझ्यासाठी हौसेनं बसतात. सत्तरी ओलांडलीय, पण बसणं अगदी स्थिर. पहिल्या दिवशी आठला सुरुवात केली. ऊन डावीकडून तिरपं येत होतं, गालफडाच्या हाडावर एक लखलखीत पट्टा. पण मला खिळवून ठेवलं ते हनुवटीखालच्या सावलीनं. खोलीत तिथे मी नेहमी तपकिरी लावते. इथे खालच्या गवतावरचा उजेड उलटा वर येत होता आणि ती सावली चक्क हिरवट, ऊबदार दिसत होती. कपाळाच्या वरच्या भागावर मात्र आभाळाची निळसर झाक. एकाच चेहऱ्यावर हे दोन रंग मी आधी कधी पाहिलेच नव्हते.

अडचण अशी, की साडेनऊपर्यंत गालावरचा पट्टा मानेवर उतरला. तो जसा सरकला तशी मी दुरुस्त करत गेले. शेवटी गाल आठचा आणि मान साडेनऊची! एका माणसावर दोन सूर्य. घरी आणून भिंतीला टेकवलं तर सगळं चित्र काळवंडलेलं, जागेवर तर झगझगीत वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो तेव्हा खालचा थर अर्धओला होता, वरून लावलेला रंग त्यात मिसळून मळका झाला.

एका बैठकीत किती वेळ काम करावं? काळोखी का येते? मळकेपणा कसा टाळायचा? ‘फोटो काढ आणि घरी पूर्ण कर’ एवढं कृपया सुचवू नका. फोटो काढला होता. त्यात हनुवटीखाली नुसतं काळं आहे, ती हिरवट सावली कुठेच नाही. तिच्यासाठीच तर बाहेर आलेय.

प्रतिसाद १

ताई, काळोखीपासून सुरू करतो, कारण ती सगळ्यांत लवकर सुटेल. तुमचा कॅनव्हास उन्हात होता ना? उन्हात प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा उजळ दिसतो, त्यामुळे हात आपोआप गडद मिश्रण करतो. तेच खोलीतल्या उजेडात नेलं की काळवंडतं. इझल (कॅनव्हास टेकवायची घोडी) असा फिरवा की कॅनव्हास आणि पॅलेट (रंग मिसळायची पाटी) दोन्ही एकाच सावलीत येतील. एक उन्हात आणि एक सावलीत असेल तर आणखी घोळ. छत्री वापरलीत तर रंगीत नको, तिचा रंग कॅनव्हासवर उतरतो. पांढरा सदराही नको, त्याचा उजेड ओल्या रंगावर चमकतो. मी बाहेर कायम करड्या कपड्यांत असतो. कॅनव्हासही कोरा पांढरा घेऊ नका, आदल्या आठवड्यात पातळ करडा हात मारून वाळवून ठेवा.

आता वेळ. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तुमच्या दीड तासात २२ अंशांहून जास्त सरकला, मग पट्टा मानेवर येणारच. पहिल्या दहा मिनिटांत ऊन-सावलीची सीमारेषा ब्रशनं आखून घ्या आणि पुढे ती हलवायची नाही. समोर काहीही होवो. समोरचा उजेड त्या रेषेशी जुळतोय तोवर रंग बघत राहा. तासाभरानं थांबा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. नंतरचा उजेड आवडला तर त्याला वेगळा कॅनव्हास. फ्रेंच चित्रकार मोनेनं १८९०-९१च्या गवताच्या गंजींवर हेच केलं, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा.

मळकेपणासाठी: एक तर पहिल्या दिवशीचा चुकलेला भाग त्याच दिवशी पॅलेट नाइफनं खरवडून काढा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. अर्धओल्यावर हात नको. अंबर हा मातकट तपकिरी लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. खाली टर्पेंटाइननं पातळ केलेला रंग, वर जवसाचं तेल जास्त असलेला, हा क्रम मात्र मोडू नका. आणि तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका.

प्रतिसाद २

मी काही वर्षं चित्रकारांसाठी बसते, म्हणून आजींच्या बाजूनं लिहिते. वीस मिनिटं बसणं, पाच मिनिटं विश्रांती, हे पाळाच, त्यांनी ‘चालेल गं’ म्हटलं तरी. उन्हात चेहरा धरून ठेवताना डोळे बारीक होतात आणि भुवया आवळतात. तुम्ही तेच रंगवत बसाल. खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूनं खुणा करा, नजर लावायला समोर एक ठरावीक फांदी द्या. अंगावर ऊन पडायलाच हवं असं नाही. सावलीच्या कडेला, आतल्या बाजूला बसवलंत तर आभाळाचा उजेड बराच वेळ टिकतो आणि गवताचा हिरवा रंगही मिळतो.

प्रतिसाद ३

अमेरिकन चित्रकार सार्जंटचं ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ हे चित्र आठवलं. दोन मुली बागेत कंदील लावताहेत. हवा तो सांजप्रकाश रोज काही मिनिटंच मिळायचा, म्हणून ते चित्र १८८५ला सुरू होऊन १८८६ला संपलं. फुलं सुकली तेव्हा त्यानं कृत्रिम फुलं लावली. तुमच्या आजी तर रोज येताहेत, घाई कशाला?

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इझल फिरवला, आजींना सावलीच्या कडेला आत बसवलं, दहा मिनिटांत सीमारेषा आखली आणि नऊला ब्रश धुतले. हात शिवशिवत होते, पण धुतले. घरी बघितलं, काळोखी नाही. हनुवटीखालचा हिरवा अजून जरा कच्चा आहे, पण आहे.

एक नवीन प्रश्न: तिथे टेर व्हर्टमध्ये (मातकट हिरवा) थोडा पिवळा ऑकर (मातकट पिवळा) घातला, तर उजेडाची ऊब आली पण सावलीचं वजन गेलं. मिश्रणात काय घालू, की ती ऊबदारही राहील आणि सावलीच वाटेल? आजी उद्या आठला पुन्हा येणार आहेत.