गोंदेश्वराच्या शिखराच्या भूमी कशा मोजायच्या?

मंडळी, मदत हवी आहे. रविवारी सिन्नरला गोंदेश्वराचं देऊळ पाहून आलो. शिखर भूमिज पद्धतीचं. चारही बाजूंना मधोमध निमुळती होत वर गेलेली जाळीदार नक्षीची पट्टी आणि दोन पट्ट्यांमध्ये माळेतल्या मण्यांसारखी एकावर एक रचलेली छोटी शिखरं. त्यांची एक आडवी रांग म्हणजे एक भूमी, इथवर कळलं. पण मोजायला गेलो की दरवेळी आकडा वेगळा, मान आखडली ती निराळीच! सगळ्यात खालची रांग धरायची का?

तिथले एक काका 'हेमाडपंती' म्हणून मोकळे झाले. अंबरनाथचं भूमिज देऊळ १०६० चं, आणि ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो हेमाद्री (हेमाडपंत) १३व्या शतकातला. मग भूमिज देवळाला हेमाडपंती म्हणणं कसं जमतं?

विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचं उदयेश्वर हे भूमिज देऊळ कुणी पाहिलंय? शिखराचे जवळून काढलेले फोटो असतील तर टाका ना.