जुन्या आयमॅक जी४ वर लिनक्स किंवा बीएसडी बसेल का?

शाहूपुरीचा_डीटीपीवाला:
मंडळी, काकांच्या प्रेसमधला आयमॅक जी४ पडून आहे, तोच तो टेबललॅम्पसारखा मानेवर स्क्रीन असलेला. लग्नपत्रिका, हँडबिलं सगळं त्याच्यावरच लागायचं त्यामुळं भंगारात द्यायला मन होईना. डेबियनची (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह लावली, माझ्या लॅपटॉपवर चालते ती, पण इथं ढिम्म. सोर्स कोड तर उघडा आहे ना, मग परत कंपाइल केलं, म्हणजे मशीनच्या भाषेत बदलून घेतला, की झालं, असं नाही का?

उद्यमनगर_सीएनसी:
भावा, तुझी पेनड्राइव्ह इंटेल-एएमडीची आणि ह्यो प्रोसेसर पॉवरपीसी, त्याला त्या सूचना कळणारच न्हाईत. आपल्याकडं कसं, जॉबचं ड्रॉइंग एकच असतंय पण मशीन बदललं की फिक्स्चर नवं करावं लागतंय, तसंच हे. डेबियननं ३२ बिट पॉवरपीसीला आवृत्ती ८ नंतर अधिकृत यादीतनं काढलंय. नेटबीएसडी ही बीएसडी घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम, तिचं मॅकपीपीसी पोर्ट, म्हणजे पॉवरपीसी मॅकसाठी केलेली आवृत्ती, बघ.

पंचगंगा_काठ:
फिक्स्चरचं एकदम बरोबर. युनिक्स, म्हणजे बीएसडीची मूळ सिस्टिम, १९७३ ला सी भाषेत लिहिलं म्हणूनच ते दुसऱ्या मशीनवर नेता आलं, पण सुरुवातीचं बूट, मेमरीची मॅपिंग, इंटरप्ट (हार्डवेअर प्रोसेसरला हाक मारतं तो इशारा) हे प्रत्येक हार्डवेअरला वेगळं लिहावंच लागतं, नुसतं कंपाइल करून भागत नाही. नेटबीएसडीवाल्यांनी १९९३ पासून हा भाग बाकीच्या कोडपासून कटाक्षानं बाजूला ठेवलाय. तुझ्याच मशीनचं उदाहरण घे, त्यातल्या लॅन पोर्टला जो जेम नावाचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) लागतो तोच सन कंपनीच्या स्पार्क प्रोसेसरवाल्या मशिनांनाही चालतो, कारण चिप कुठल्या पत्त्यावर बसलीय आणि बाइट उलटे वाचायचे की सुलटे हे ड्रायव्हर स्वतः बघतच नाही, खालचा थर बघतो. मला हे लई आवडतं. आणि ह्या जी४ सारख्या, बाइटचा क्रम इंटेलच्या उलटा असलेल्या मशीनवर कोड चालवला की इंटेलवर वर्षानुवर्षं लपलेल्या चुका बाहेर पडतात, म्हणून असली जुनी पोर्टं जिवंत राहायलाच पाहिजेत.

शाहूपुरीचा_डीटीपीवाला:
कंपाइल त्याच मशीनवर करायचं का? रात्र जाईल.

पंचगंगा_काठ:
अजिबात नको. नेटबीएसडीची बिल्ड डॉट एसएच ही स्क्रिप्ट आधी क्रॉस कंपायलर, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्यासाठी कंपाइल करणारा, बनवते, मग लॅपटॉपवरच मॅकपीपीसीचं सगळं तयार होतं. पण तुला तेही लागणार नाही, तयार आयएसओ (सीडीची फाइल) मिळतो, सीडी राइट कर. चालू करताना कमांड, ऑप्शन, ओ, एफ एकदम दाबून धर, ओपन फर्मवेअर, म्हणजे सिस्टिमच्या आधी चालणारा मशीनमधलाच प्रोग्राम, येईल. मशीनमध्ये काय काय आहे त्याचं झाड तिथंच असतं, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ते वाचून घेतो. आजच्या रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरमधला डिव्हाइस ट्री ह्याच कल्पनेवरचा. पीसीचा यूएसबी कीबोर्ड असेल तर विंडोज की म्हणजे कमांड आणि आल्ट म्हणजे ऑप्शन.

शाहूपुरीचा_डीटीपीवाला:
आला आला! पांढरा स्क्रीन आणि शून्य, पुढं बाण. काकांना बोलवून दाखवलं, ते खुर्ची ओढून बसलेत. आता सीडी आणायला चाललोय.